शहाणीचे नऊ दिवस

गुरुवारची रात्र. अकराला दहा मिनिटं कमी होती. आमच्या संस्थेतला मोतद्दार औषधाचा एक खोका घेऊन इस्पितळाकडे निघाला. एवढंच काम. चाळीस किलोमीटर अंतर, संस्थेची गाडी, पायाखालचा रस्ता. आज तुझी पाचावर धारण बसणार आहे असं कुणी म्हटलं असतं, तर तोच आधी हसला असता.

ए, ती बॅटरी माझ्या डोळ्यांवर मारू नकोस. वीज यायची तेव्हा येईल. आणि तू गं धाकटे, मध्येच 'खरंच का आजोबा' म्हणून विचारायचं नाही. त्या माणसाबरोबर मी एकवीस वर्षं काढलीत. तो तबेल्यात घोडे सांभाळायचा, मी पलीकडच्या खोलीत नोंदवह्या.

आमचे घोडे शर्यतीचे नव्हते. माणसाच्या शरीरातल्या काही पेशी त्यांना टोचायच्या. मग त्यांच्या रक्तात त्या पेशींशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. मानेच्या शिरेतून ते रक्त काढायचं, आणि महिनोन्‌महिने गाळून, शुद्ध करून त्याचं औषध बनवायचं. कुणाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं आणि शरीर त्याच्यावर उलटलं, की हे औषध देतात. आणि कुणाचं शरीर आपल्याच हाडांतल्या मगजावर उलटतं, रक्त बनायचंच थांबतं, तिथेही हेच. घरच्याच माणसानं दगा द्यावा असला तो आजार. मोतद्दाराच्या भाचीला तोच झाला होता. सोळा वर्षांची पोर. मगज द्यायला सख्खं भावंड नाही. दर आठवड्याला बाहेरचं रक्त चढवायचं आणि औषधाची वाट बघायची. आणि औषध तर कुठेच शिल्लक नव्हतं.

आता तबेल्याचा नियम ऐका. घोड्याचं रक्त काढलं, की त्याच्या आयाळीत लाल फीत बांधायची. तीन आठवडे ती कुणी सोडायची नाही. फीत आहे तोवर त्या घोड्याला सुई लागायची नाही, मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचे साहेब.

आमच्यात एक घोडी होती, शहाणी. बाकीच्यांना लाकडी चौकटीत उभं करायला तीन-तीन माणसं घाम गाळायची. हिच्या कपाळावर मोतद्दारानं तळहात ठेवला की झालं. ती आपणहून मान पुढे करायची. दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही हां. मी एकदा ठेवून बघितला, तर माझी टोपी खाल्ली.

एके दिवशी साहेबांनी मोतद्दाराला बोलावलं. म्हणाले, "एका घोड्याचं रक्त कमी पडतंय. या आठवड्यात मिळालं तर या खेपेतला पहिला खोका तुझ्या भाचीला. नाहीतर पुढची खेप त्यानंतर चार महिन्यांनी."

वरचे चार महिने पोर कुठली काढते! अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मोतद्दारानं त्याच संध्याकाळी शहाणीच्या आयाळीतली फीत सोडली. ती बांधून नऊच दिवस झाले होते. सकाळी त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला.

तिनं मान पुढे केली.

दुपारी ती कोसळली. दिवेलागणीला गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे. मरणाचं कारण वहीत लिहिलं, पोटशूळ. लिहिणारा मी. आज सांगून टाकतो. सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारून मला झोप लागत नाही.

तर पाच महिन्यांनी औषध तयार झालं. पोर तोवर कशीबशी तग धरून होती. एका खेपेत बऱ्याच घोड्यांचं रक्त एकत्र असतं. शहाणीचंही होतं. शीतगृहातून खोका सुटायला रात्र झाली, आणि डॉक्टरांना पहाटे सलाईन लावायचं होतं. मोतद्दार म्हणाला, मीच नेतो. थर्माकोलचा खोका, आत बर्फाच्या पिशव्या, त्या फडक्यात गुंडाळलेल्या, कारण हे औषध गोठलं तरी वाया जातं. खोका त्यानं शेजारच्या सीटवर ठेवला आणि वर पट्टा लावला.

गावं संपली. दोन्ही बाजूंना शेतं. सव्वाअकराच्या सुमाराला त्याला टापा ऐकू आल्या.

त्याला वाटलं, कुणाचंतरी जनावर सुटलं असेल. त्यानं वेग वाढवला. टापाही वाढल्या. साठवर गाडी... आणि टापा बरोबरीनं. आरशात काही नाही. गाडी थांबवली.

टापा थांबल्या.

इंजिन बंद केलं. सगळं गप्प. मग शेजारच्या काचेवर, खोक्याच्या बाजूला, वाफ धरली. बाहेरून. एक मोठा गोल. विरला. पुन्हा धरला...

कुणीतरी श्वास घेत होतं.

त्याच्या मनात आलं, दार उघडावं, खोका बाहेर टाकावा आणि सुटावं. हात पट्ट्यापर्यंत गेलाही होता. मग पोरीचा चेहरा आठवला. त्यानं खोका पोटाशी धरला आणि रडत म्हणाला, "गुन्हा माझा आहे गं. तिचा काय दोष?"



थोड्या वेळानं टापा निघाल्या. मागे नाही... पुढे. इस्पितळाच्या दिशेनं.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो वॉर्डात पोचला. दारातच रात्रपाळीची सिस्टर हसत म्हणाली, "समोरच्या खोलीतले आजोबा आहेत ना, मूत्रपिंड बदललेले? अर्ध्या तासापासून एकच धरून बसलेत. म्हणे व्हरांड्यात घोडा कुणी आणला?"

तेही याच औषधाची वाट बघत होते.

पहाटे सलाईन सुरू झालं. आधी काही नाही. मग पोरीला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. सिस्टर म्हणाली, "घाबरू नका, घोड्याचं औषध आहे, पहिल्या दिवशी होतं असं." मोतद्दाराची बहीण, पोरीची आई, पाय चोळत होती. मोतद्दार उशाशी गेला. काय करावं सुचेना. सवयीनं त्यानं पोरीच्या कपाळावर तळहात ठेवला.

तिनं डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली...

"मामा," ती म्हणाली. "अजून नऊच दिवस झालेत."

आणि मान फिरवली.

त्या नऊ दिवसांचं दोघांनाच माहीत होतं. त्याला आणि मला. मी कुणापाशी बोललो नव्हतो. त्यानं तर देवापाशीसुद्धा बोलायची हिंमत केली नव्हती.

औषध लागू पडलं. चार महिन्यांत रक्त चढवायचं बंद झालं. पोर शाळेत जाते, खाते-पिते, मैत्रिणींशी भांडते. सगळं छान. फक्त मामा आला, की उठून दुसऱ्या खोलीत जाते. का, ते तिलाही सांगता येत नाही. एकदा बहीण वैतागून त्याला म्हणाली, "दादा, तूच औषध आणून वाचवलंस ना हिला? मग तू हिचं असं काय घोडं मारलंयस, की सावलीला उभी राहत नाही?"

त्यानं चप्पल घातली आणि निघून आला. सरळ माझ्याकडे आला. त्या दिवशी त्यानं मला हे सगळं सांगितलं. उठता उठता आणखी एक गोष्ट सांगितली. ती बहिणीनं त्याला सांगितलेली. तिला त्यात काळजीचं काही वाटलं नव्हतं, नुसतं नवल वाटलं होतं.

इस्पितळातून आल्यापासून पोरीच्या गादीवरच्या चादरीला सुरकुती पडत नाही. एका रात्री आईनं दिवा लावून बघितलं. पोर खाटेशेजारी उभी होती. एक पाय जरा सैल सोडून, मान खाली घालून. गाढ झोपेत.