रिकाम्या तंबूतला वन्स मोअर

राजस, तो मोठा दिवा मालव. स्वयंपाकघरातला राहू दे. मेणबत्ती-बिणबत्ती काही नको, आपण सिनेमा काढत नाही आहोत. इरा, तू आजीशेजारी बस. जेवणापासून डोकं खाताय ना, भुताची सांगा, भुताची सांगा? सांगतो. पण ऐकून झाल्यावर झोप येत नाही म्हणून माझ्या दारावर थापा मारायच्या नाहीत.

आणि हे बघा, मी काही भाविक माणूस नाही. कुंदा उपास करते आणि मी तिची खिचडी खातो, एवढाच माझा देवधर्म. पण हे माझ्या मित्राच्या बाबतीत झालंय. तो मित्र इथून चार गल्ल्या सोडून राहतो. श्रीपाद. निशिगंधा, तू बघितलंयस त्याला. आपल्या गणपतीत आरतीला मागे, कोट न काढता उभा असतो, तो.

या श्रीपादच्या वडिलांचं टुरिंग टॉकीज होतं. म्हणजे तंबूतला सिनेमा. सातारा भागातल्या जत्रांमधून फिरायचं. एक ट्रक, एक मशीन आणि समोर वाळूत बसलेली माणसं. नव्या पिक्चरची पेटी वेळेवर आली नाही की वडील एक जुना घोडेवाला इंग्रजी पिक्चर लावायचे. आठ दिवसांत उरकलेले, स्वस्तातले पिक्चर असायचे हो ते. तोच दगड तीन वेळा मागे जातो. मारामारी झाली तरी हिरोच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. आणि संध्याकाळ झाली की हिरो शेकोटीपाशी बसून गिटार घेतो आणि गातो. गाणारा काउबॉय! आजूबाजूला चार गडी हूं हूं करत साथीला. लोकांना एक अक्षर कळायचं नाही, पण गाणं संपलं रे संपलं की अख्खा तंबू ओरडायचा, "वन्स मोअर!" इरा, तू जर्मनमध्ये नोखमाल, नोखमाल म्हणत परत-परत मागतेस ना, तसंच. मग वडील रीळ मागे फिरवून गाणं परत दाखवायचे.

मात्र त्यांचा एक नियम होता. रात्री खेळ सुटल्यावर तंबूत ते एकटेच नवी रिळं तपासायचे. तेव्हा श्रीपाद जवळ असला तर त्याला सांगायचे, "रिकाम्या तंबूत वन्स मोअर म्हणायचं नाही." का, ते कधी सांगितलं नाही. श्रीपादनेही विचारलं नाही, कारण त्यांचा हात फार लवकर सुटायचा. दुसरा नियम त्याला तसाच, गाल लाल होऊन कळला होता. दिवा चालू असताना मशीन थांबवायचं नाही. फिल्म जागच्या जागी जळते.

आता त्याची बायको. मालिनी. ही चार वर्षांपूर्वी गेली. फेब्रुवारीत. सहा आठवड्यांत आटोपलं सगळं. मूल नाही, इथे जर्मनीत दुसरं नात्याचं कोणी नाही. श्रीपादच्या फोनवर तिचे अकरा व्हॉइस मेसेज राहिले होते. काही खास नाहीत हो. "कोथिंबीर आण, टर्किशवाल्याकडची, सुपरमार्केटमधली नको." "माझा डॉक्टरकडचा टेर्मिन लांबलाय, तू जेवून घे." असले. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो त्यातला एक ऐकायचा. एकच. पुरवून पुरवून. मला म्हणाला होता, "जयंता, तिचा चेहरा फोटोत आहे रे. आवाज एवढाच आहे."

एवढं लक्षात ठेवा. त्याच्याकडे एवढंच होतं.

तर तारीख सोळा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस, शनिवार. आउराखच्या वरच्या अंगाला दहा-बारा घरांचं एक गाव आहे. तिथे ओर्टविन नावाचा एक म्हातारा राहायचा. इथल्या काउबॉय क्लबचा जुना मेंबर. आपले लोक हसतात, पण इथे पंचविशी-तिशीपासून टोपी घालून घोड्याच्या गप्पा मारणारी माणसं आहेत, आणि भली माणसं आहेत. अमेरिकन सैनिक इथली छावणी सोडून गेले, तेव्हा त्यांच्या थिएटरमधली जुनी रिळं या ओर्टविनने उचलून आणली. मग घरामागच्या शॉयनेत, म्हणजे धान्याच्या कोठारात, महिन्यातून एकदा क्लबला पिक्चर दाखवायचा. आपला श्रीपाद तिथे मशीन चालवायला जायचा. मालिनी गेल्यावर तेवढीच एक जागा होती जिथे तो आपणहून जायचा.

ओर्टविन पडला, मोडला, वृद्धाश्रमात गेला. त्याच्या मुलीने श्रीपादला फोन केला. सोमवारी कंटेनर येणार, शॉयने रिकामी करायची आहे, हवं ते घेऊन जा. श्रीपाद मला म्हणाला, "चल ना. मशीन जड आहे." मी म्हटलं, "तू हो पुढे, मी आलोच."

मी गेलो नाही. गुडघा दुखत होता. खरं सांगू? गुडघा नव्हता दुखत. बाहेर तीन डिग्री होतं आणि कुंदाने भजी काढली होती.

मी असतो तर तंबू रिकामा नसता. हे मी रोज स्वतःला सांगतो.

रात्री साडेआठला तो पोचला. ओर्टविनची मुलगी किल्ली देऊन खाली आउराखला परत गेली. त्याने डबे मोजले, चाळीस. मशीन उचलण्याआधी चालतंय का बघू, म्हणून वरचंच एक रीळ चढवलं. डब्यावर नाव नव्हतं. भिंतीवरचा पडदा तसाच होता. समोर क्लबची बाकं, रिकामी. फोन त्याने शेजारच्या बाकावर ठेवला.

पिक्चर सुरू झाला. तोच तो. घोडे, दगड, परत तोच दगड. श्रीपाद म्हणाला, मला हसू येत होतं, बऱ्याच दिवसांनी. मग पडद्यावर रात्र झाली. शेकोटी. हिरो. चार गडी. गिटार. गाणं संपलं. हिरोने गिटार खाली ठेवली... आणि हा म्हणाला.

सवयीने म्हणाला. जत्रेतलं पोर ते. स्वतःशीच हसत म्हणाला, "वन्स मोअर."

आणि रीळ मागे फिरवायला हात पुढे केला.

हात पोचला नव्हता अजून. पडद्यावरच्या हिरोने गिटार परत उचलली.

तेच गाणं. पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, फिल्ममध्येच दोनदा जोडलेलं असेल. त्यालाही तेच वाटलं. क्लबवाल्यांना आवडलं असेल, चिकटवलं असेल. इंजिनियर आहे तो, लगेच भुतापर्यंत जात नाही. गाणं संपलं. गिटार खाली. याने नुसतं बघायला म्हणून परत म्हटलं.

गिटार वर.

या वेळी साथीचं हूं हूं जरा वेगळं होतं. चार गडी होते ना? आवाज पाच होते.

पाचवा बाईचा होता.

बाजूला बाकावर फोनचा उजेड लागला आणि गेला. त्याने लक्ष दिलं नाही. तो ऐकत होता. मालिनी कधी अख्खं गाणं म्हणायची नाही. भांडी पुसताना नाकातल्या नाकात गुणगुणायची, शेवटचा सूर थोडा खाली उतरवून. कुंदा, तुला आठवतं ना?... हो. तसाच. तसाच उतरवलेला.

मग कसला थांबतोय तो. वन्स मोअर. दर वेळी तो आवाज जवळ येत होता. दर वेळी फोन उजळत होता. वन्स मोअर. एव्हाना रीळ संपायला हवं होतं. चक्रीवरची फिल्म कमी होत नव्हती. ते त्याला दिसत होतं. कळत होतं. वडिलांचं वाक्यही आठवत होतं. मला म्हणाला, "जयंता, आठवत होतं रे मला. पण मी म्हणत राहिलो."

अकरा वेळा म्हणाला.

अकराव्या वेळी... शेकोटीच्या कडेला... उजेड संपतो तिथे... कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. खांद्यावर तपकिरी शाल. बारीक वेणी.

हिरो गात होता. गडी आगीकडे बघत होते. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

गाणं संपत आलं.

तिने मान वळवायला सुरुवात केली.

थोडी.

अजून थोडी. गाल दिसला. कानातली कुडी दिसली...

आणि त्याने मशीन थांबवलं.

तंबूवाल्याचा मुलगा. ज्याला माहीत होतं, जन्मापासून माहीत होतं. पण हात गेला. गाणं संपलं तर ती जाईल, म्हणून गेला. चित्र थांबलं. एक क्षण. मग मधोमध एक तपकिरी डाग उठला. शालीवर. मानेवर. फुगला... फुटला... आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड.

जळका वास. बाकी काही नाही.

त्याने फिल्म सोडवली, कापली, चिकटवली, परत लावली. पुढे सकाळ होती. घोडे. चार गडी. मागे फिरवून पुन्हा लावलं. शेकोटी होती, गाणं होतं. साथीला चार आवाज. हा घसा फाटेपर्यंत वन्स मोअर, वन्स मोअर ओरडला. हिरोने गिटार खाली ठेवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपला. पिक्चरमध्ये होतं तसंच.

मग गाडीत येऊन त्याने फोन उघडला. कोथिंबिरीचा मेसेज लावला.

लाकडं तडतडल्याचा आवाज. बस. मेसेज होता तेवढाच, चौदा सेकंदांचा. आत ती नाही.

अकराच्या अकरा तसेच.

मला फोन आला तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हॅलो नाही, काही नाही. थेट म्हणाला, "जयंता... तिचा एखादा मेसेज आहे का रे तुझ्याकडे?"

होता. एकच. एकोणीस सेकंद. "जयंतभावजी, कुंदाताईंना सांगा, चिवड्यात या वेळी मनुका घालू नका, श्रीपाद वेचून बाजूला काढतो." मी अंथरुणात बसून ऐकला. स्वच्छ होता. शेवटी हसली होती ती. कुंदानेही ऐकला. आणि मला वाटलं, चला, निदान एवढं तरी देता येईल याला. भजी खात बसलो होतो ना मी. मी तो त्याला पाठवला.

त्याच्याकडे पोचला तो तडतडाट.

आणि मग मी माझा उघडला. माझाही गेला होता. कशाला पाठवला मी? माझ्याकडे राहिला असता, तर निदान कुठेतरी राहिला असता!

श्रीपादने ती चाळीस रिळं घरी आणली. त्याच्या केलरमध्ये, खालच्या तळघरात, पडदा लावलाय. दर शनिवारी एकटा बसतो. सगळे पिक्चर झाले, परत पहिल्यापासून सुरू केलेत. गाणं संपलं की म्हणतो. मी जिन्यावरून ऐकलंय. हिरो एकदा गातात आणि उठून जातात. मी त्याच्याबरोबर बसायला जायचो, तर एक दिवस शांतपणे म्हणाला, "तू येऊ नकोस. तू असलास की रिकामा नसतो." त्यानंतर मी जात नाही. कामावरून त्याला काढतील असं ऐकतो. काढोत. त्याला त्याचं काही नाही.

आता एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. कुंदा म्हणते सांगू नका, आणि या बाबतीत तिचं ऐकतोय मी.

माझा मेसेज मी पुसला नव्हता. एकोणीस सेकंदांचाच होता. गेल्या महिन्यात, त्याच सोळा तारखेला, सहज बघितलं. तेवीस सेकंद झालेत.

थांबा. हा बघा फोन. तारीख बघ, राजस, ऑक्टोबर दोन हजार एकवीस. ती असतानाची. लावतो. कोणी बोलू नका.

...

ही लाकडं.

...

अजून थांबा. शेवटी आहे.

...

ऐकलंत? बाईचा आवाज. लांबून. दोनच शब्द. कुंदा, तिचाच ना?... तिचाच.

काय म्हणालीस, इरा?

नाही. नोखमाल नाही. ते म्हणायचं नाही, कळलं? ती तेच म्हणतेय. वन्स मोअर. त्या शेकोटीपाशी बसून ती तेच मागतेय, आणि लावायला फिल्म उरलेली नाही.

राजस, दिवा लाव.