भोंग्यावरचा आळ

"हा भोंगा उचला इथून! आत्ताच्या आत्ता!"

वर्धा-पुलगाव एसटीतली सगळी डोकी मागे वळली. आकांक्षाने सीटवर जपून ठेवलेल्या पिशवीला एका उंच, सावळ्या तरुणाने खुशाल आपला लाऊडस्पीकर टेकवून ठेवला होता.

"काऊन? चावते का तो?" तो हसला.

"लोहचुंबक असते त्यात! आन् माह्या पिशवीत फ्लॉपी आहे. पुसली गेली त?"

त्याचं हसू मावळलं. पुलगाव येईस्तोवर तो भोंगा मांडीवर घेऊन बसला. पण व्हायचं ते झालंच!

नाचणगावला घरी पोचताच आकांक्षाने वर्ध्याहून दुरुस्त करून आणलेला बाबांचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. कित्येक वर्षं बंद होता तो; वर्ध्यात फक्त वीज येण्यापुरती दुरुस्ती झाली होती. फ्लॉपी आत सरकवली. खर्र... खर्र... आणि पडद्यावर एकच ओळ – फ्लॉपी वाचता येत नाही.

तिच्या बारशाला बाबांनी, म्हणजे सदाशिवरावांनी, सुरासुराचे आकडे टाइप करून त्या फ्लॉपीत पाळणा भरला होता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. पाळण्याची दुसरी प्रत नव्हती.

भोंग्यावर रंगवलेलं दुरुस्तीच्या दुकानाचं नाव तिच्या लक्षात होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून ती थेट तिथे धडकली.

"तुमच्या भोंग्यानं माह्ये बाबा पुसले!"

एसटीतल्या त्या तरुणाचा, नीलेशचा, चेहरा पडला. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "घेऊन या सारं. मी पाह्यतो."

मग ती रोज येऊन स्टुलावर पहारा देऊ लागली. तो वायरी बदलायचा, टोकं घासायचा, फ्लॉपी घालायचा... खर्र! तो चहा मागवायचा, ती फणकाऱ्याने प्यायची. काम करताना तो श्वास रोखून धरतो, हे तिच्या ध्यानात आलं. आपल्या ध्यानात यावंच का, म्हणून तिला आणखी संताप आला.

नवव्या दिवशी त्याने फ्लॉपी वाचणारा भागच खोलला. आतून कापूस फिरवला आणि तिच्यापुढे धरला. कापूस लालभडक! सोबत तांदळाचे तीन दाणे.

"हे का आहे?"

आकांक्षाचे कान तापले. दसऱ्याला बाबा कॉम्प्युटरच्या डब्याला वरून कुंकवाचं बोट लावत. ते गेल्यावर पूजेचं काम तिच्याकडे आलं. विळा, शिलाई मशीन, कॉम्प्युटर... आणि भक्तीच्या भरात तिने तीन दसरे कुंकू-अक्षता थेट फ्लॉपीच्या खाचेत वाहिल्या होत्या.

आता नीलेश भडकला. "नऊ दिवस घास गोड नाई लागला मले! आन् तुमीच मशीनच्या नरड्यात कुंकू कोंबून बसल्या!"

"मंग मुकाट्यानं काऊन ऐकून घेतलं? भांडाचं होतं!"

"रडत्या मानसासंग का भांडाव?"

"मी कुठी रडली?"

"डोये कोरडे होते... आवाज रडून राह्यला होता."

इतकं बारीक आजवर कुणी ऐकलं नव्हतं तिचं.

त्याने सगळं पुसलं, वाळू दिलं, फ्लॉपी घातली. खर्र... मग शांतता... आणि टीव्हीतून बारीक, किरटा पाळणा सुरू झाला. मधेच दोन सूर चुकले, बाबांनी चुकवले होते तसेच. आकांक्षा हसता हसता ढसाढसा रडली.

पाळणा संपल्यावर त्याने आधी त्याची दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करून घेतली. मग वायर गुंडाळत, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "झालं तुमचं काम."

"झालं?" ती उसळली. "मानसाले रोजची सवय लावाची, आन् वर म्हनाचं झालं? मी उद्या येईन. परवा बी येईन. तुमी आवडता मले, समजलं? आन् हसू नका, मी अजून रागात आहो!"

"राग राहू दे," नीलेश म्हणाला. "फक्त येजो."