न फाडलेलं कार्ड

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चात मी तीर्थपुरीला गेलो, तो एक लोखंडी ट्रंक आणायला. जालन्यात जुन्या कागदपत्रांचं आमचं लहानसं संग्रहालय होतं आणि कागद दिसला की मला सोडवत नसे. बायको मला रद्दीवाला म्हणायची, ते काही खोटं नव्हतं.

तिथले रामराव मास्तर वारले होते. ट्रंकेतल्या त्यांच्या चाळीस वर्षांच्या रोजनिश्या आणि पत्रं त्यांच्या पत्नीने, साळूबाईंनी, बिनतक्रार माझ्या हवाली केली. फक्त एक पोस्टकार्ड त्यांनी वेगळं काढलं.

"सर, हे माझ्यासमोर फाडा. मास्तरांनी मला शपथ घातली, तू फाडायचं न्हाई म्हणून."

त्यांच्या मुलीच्या, शिवकन्येच्या सासरहून अकरा वर्षांपूर्वी आलेलं ते तिच्याच मयताचं कार्ड होतं. असं कार्ड वाचलं की लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. मास्तरांनी ठेवलं होतं.

"फाडलं की पोरगी गेली, म्हणायचे. तवापासून रोज दिवेलागणीला दारात येऊन उभी राहती. बोलत न्हाई, जात न्हाई... तिला सुटू द्या, सर. मलाबी."

माझा विश्वास बसला नाही. मला फक्त बापाने जपलेलं ते कार्ड दिसत होतं. असा कागद पुन्हा कुठे मिळणार? मी पाठ वळवली, खिशातलं माझं कोरं कार्ड टराटरा फाडलं आणि तुकडे चुलीत टाकले. साळूबाईंनी हात जोडले. किती हलक्या झाल्या होत्या त्या! आजही आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

खरं कार्ड मी संग्रहालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं.

चौथ्या दिवशी नेलेल्या कागदांच्या यादीवर साळूबाईंचा अंगठा घ्यायला परत गेलो. दाराला बाहेरून कडी होती. शेजारच्या चतुराबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"साळूबाई गेली. तुम्ही आल्ते ना, त्याच रात्री."

"कशानं?"

"दिवेलागणीला दारात बाई उभी होती. म्या बी पाह्यली..." त्यांचा आवाज खाली आला. "साळूबाई हसून मला म्हनली, कार्ड तर सरांनी फाडलं. मंग मेलेली कशी येईन? ही जितीच आली. अन् तिचा हात धरून निघून गेली."

मी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"सकाळी मळ्याच्या वाटेवर, लिंबाखाली बसलेली सापडली. केस तेल लावून चापून विंचरलेले, वेणी घातलेली... सर, तिच्या घरात महिन्यापासून तेलाचा थेंब न्हाई."

मी तडक जालन्याला आलो. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. आता तरी फाडावं म्हणून कार्ड बाहेर काढलं.

कार्डाच्या कडेला तेलाची बोटं उमटली होती. अजून ओली.