नंतर विचारा

तेजश्रीने आयुष्यात न वाचता कशालाही होकार दिला नव्हता. लग्नाला दिला होता. पण तेव्हा तिला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तो धरायचा नाही.

न्हावऱ्यात, सासरी, तिच्या म्हशी. डेअरीने दुधाचं फॅट फोनवर दाखवायला घेतलं, तेव्हा ॲपने तिचे फोटो, आवाज आणि नातेवाइकांचे नंबर मागितले. ठसठशीत हिरव्या बटणावर ‘होय, चालेल’. खाली फिकट अक्षरांत ‘नंतर विचारा’. ‘नाही’ कुठेच नव्हतं. म्हशीच्या फॅटला मावशीचा नंबर कशाला, म्हणून ती रोज खालचं दाबायची.

त्याच आठवड्यात वरवंडहून धाकटा भाऊ विक्रम पेढे घेऊन आला. आई-वडिलांमागे विहिरीकडच्या रानात तिचा निम्मा हिस्सा होता. बहिणींनी हक्क सोडायचा आणि माहेर राखायचं, ही रीतच.

“ताई, सही करतीस न्हवं?”

“न्हाई. पोरीसाठी ठेवणार हाय मी.”

“बरं. नंतर इचारतो.”

तो चपला घालून फाटकापर्यंत गेला, वळला, परत आला. चपला त्याच जागी काढल्या.

“ताई, सही करतीस न्हवं?”

“बहिरा झालास व्हय रं?”

“बरं. नंतर इचारतो.”

मान तेवढीच कललेली. हसू तेवढंच.

संध्याकाळी नवऱ्याने तेच विचारलं. “न्हाई” म्हटल्यावर तोही म्हणाला, “बरं. नंतर इचारतो.” त्याचीही मान तेवढीच कलली.

तेजश्री घाबरणाऱ्यातली नव्हती. एकदाचं तोंडावर सांगून टाकू, म्हणून ती थेट दौंडला, हक्कसोडीचे कागद करणाऱ्या वकिलाच्या गाळ्यात गेली. विक्रम आधीच बसला होता.

“राजीखुशीनं हक्क सोडताय ना?” वकिलाने टॅब पुढे सरकवला.

“न्हाई!”

बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू थांबले.

“बरं. नंतर विचारतो.” वकिलाने श्वास घेतला. “राजीखुशीनं हक्क सोडताय ना?”

मग तिने तोंडच मिटलं. गप्प माणसाचा होकार कोण धरणार?

टॅबवरच्या चौकटीत हिरवी खूण आधीच होती.

“अंगठा उचला आता, ताई.”

तिने खाली पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते.

पडद्यावर तिचा ठसा उमटला होता. विळ्याच्या जुन्या वणासकट.

विहिरीकडचं रान विक्रमच्या नावे झालं. न्हावऱ्यावरून जाणारी शिरूरची एसटी त्या दिवशी वेळेवर लागली. बसायला जागाही मिळाली.