राखेचा सगळ्यात वरचा थर

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

मेरोईच्या पिरॅमिडांपासून पायी तासाभरावर, नाईलच्या काठी आमचं गाव. पाच वर्षांपूर्वीचा मे महिना. मंगळवार. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझी बहीण सितना बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. आमच्याकडे चाळीस दिवस बाळंतिणीची खोली पाळतात. पडक्या जागेवरून आलेल्या माणसाने थेट आत शिरायचं नाही. आधी बाळाला बाहेर आणून आलेल्या माणसाच्या डोक्यावर उंच धरायचं, मगच त्याने उंबरा ओलांडायचा.

आणि मी कामाला होतो खोदकामावर! काळ्या मळीच्या, म्हणजे पूर्वी लोखंड गाळून उरलेल्या कचऱ्याच्या ढिगांत.

त्या सकाळी एक भट्टी उघडी पडली. आमचा मुकादम ताजसिर खुशीत होता.

"बाबिकर, या मळीवर राज्य उभं होतं. राण्यांचं! शेकडो वर्षं इथल्या भट्ट्या विझल्या नाहीत."

"मग बुडालं कसं?"

"बाभळी संपल्या म्हणतात. कोळसा कशाचा करणार? तुझ्या टाळक्याचा?"

सगळे हसले. भट्टीशेजारी राखेचा ढीग होता, आम्ही तो उभा कापला. तळाला बाभळीचा कोळसा. त्यावर जळक्या दारांचे तुकडे. त्यावर तिवया. त्यावर बाजांचे खूर...

लोकांनी शेवटी आपली घरंच भट्टीत घातली होती.

सगळ्यात वरचा थर ताजसिरने एकट्याने साफ केला. मग एकदम ताडपत्री ओढली.

"हबूब येतोय. पळा घरी."

धुळीची भिंत माझ्या मागोमाग गावात शिरली. दिवसाचा अंधार झाला. ताई आतून ओरडत होती, "बाबिकर, खिडकी! पोरीच्या नाकातोंडात धूळ चाललीय!"

मी धावलो. आई चुलीपाशी किंचाळली, "अरे मेल्या, थांब! पोरीला बाहेर आणू दे!"

तोवर मी आत होतो.

खिडकी लावली. वारा पडला. आणि मग...

फूऽऽ... फूऽऽ...

लोहाराचा भाता. एक थांबला की दुसरा. जमिनीखालून.

"कसला आवाज रे?" ताईने विचारलं.

"वारा आहे," मी म्हणालो.

बाहेर आलो तर स्वयंपाकघराला दार नव्हतं. बिजागऱ्या जागेवर होत्या. हात लावला तर चटका बसला.

बुधवारी दुपारी पुन्हा तोच भाता... आईची कॉफीची तिवई गेली.

गुरुवारी अंगणातली बाज. विणलेली दोरी तशीच जमिनीवर पसरलेली होती, एकही गाठ न सुटता. लाकूड तेवढं नव्हतं.

दार, तिवई, बाज... राखेच्या थरांचाच क्रम. मी ताजसिरच्या घरी पळालो.

"राखेत बाजांच्या वर काय होतं?"

त्याने कॉफी बाजूला ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"बोल ना!"

"तुझ्या घरी तान्हं मूल आहे ना?" तो म्हणाला. "मग विचारू नकोस."

घरी परतलो तर भात्याचा आवाज बाळंतिणीच्या खोलीतून येत होता. पोर ताईच्या कुशीत होती, अंग तव्यासारखं तापलेलं. मी तिला उचललं, ताईला हाताला धरून उठवलं.

"कुठे?"

"नदीपलीकडे. तुझ्या घरी. पोरीला ताप आहे, तिकडे दवाखाना आहे."

"चाळिसाला नऊ दिवस आहेत! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत!"

होडी नदीच्या मध्यावर आली आणि पोरीने डोळे उघडले. ताप उतरला होता. मी होडीत बसून लहान मुलासारखा रडलो.

ताईला आम्ही इतकी वर्षं खरं सांगितलं नाही. सामान चोरांनी नेलं म्हणालो. पोर धडधाकट आहे, मला मामा म्हणून छळते.

आईने मात्र घर सोडलं नाही. "मी निघाले तर ते पोरीच्या मागे जाईल," म्हणाली. रोज दुपारी ती अंगणात बाभळीची एक मोळी टाकते. तिसऱ्या प्रहराच्या नमाजापर्यंत तिथे काडीसुद्धा उरत नाही.

मी आता अतबरा शहरात कामाला असतो. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. आजूबाजूची बाभूळ संपली, लाकूड आता लांबून आणावं लागतं. तिचे गुडघे दुखतात.

आणि काल ताईचा आला. खुशीत होती. तिला पुन्हा सातवा महिना लागलाय.

"मागच्या वेळी अर्धवट राहिलं," ती म्हणाली. "या खेपेला पूर्ण चाळीस दिवस माहेरीच काढणार. आईला सांगू नकोस हं, तिला चकित करायचंय."

मी नको म्हणालो. तिने कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं.

ती खूप हसली. शुक्रवारच्या होडीने ती निघतेय.