कोठीतले मार्तंडराव

“अध्याय सुरू केला का मधात उठू नको वं वहिनी. दुसरं बोलूबी नको. घसा बसला तुहा, तं पुढचं मी वाचीन.”

प्रेमिलाचं हे बोलणं देवकीच्या कानात अजून ताजं होतं. नणंद अंथरुणाला खिळल्यापासून ढेरपोट्या गुप्तहेर मार्तंडरावांच्या गोष्टींची एकूण एक पुस्तकं तिला देवकीनंच वाचून दाखवली होती. सोमवार, एकादशा धरणाऱ्या देवकीला मोठ्यानं वाचायची पोथीचीच रीत ठाऊक. पाय धुवायचे, निरांजन लावायचं, पुस्तक चौरंगावर ठेवून फूल वाहायचं, हातावर पाणी सोडून पुरं करायचा शब्द द्यायचा.

“ढेरपोट्याले फूल काहून वाह्यतं वं?” प्रेमिला हसून लोटपोट व्हायची. पण ऐकणाऱ्याचा ‘हूं’ न चुकता द्यायची.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात ती गेली. नव्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय राहिला. तेरावं झाल्यावर विधवा बहिणीला न्यायला खाप्याहून रुपराव बैलांची दमणी घेऊन आला.

“चाल देवके. इतवारीत आता कोन हाये तुहं?”

“एवढा अध्याय वाचू दे, दादा. मंग निघू.”

वाळ्याच्या ओल्या ताटीमुळे माजघरात भरदुपारी हिरवट अंधार होता. रिकाम्या खाटेसमोर निरांजन लावून, हातावर पाणी सोडून तिनं वाचायला घेतलं. मार्तंडराव चोरामागे कोठीत शिरले. कोणीतरी बाहेरून कडी घातली. त्यांना आधी आठवल्या त्या ताटात राहिलेल्या करंज्या. देवकीला हसू फुटलं.

“हूं.”

सवयीनं ती पुढं वाचत गेली. मग थबकून तिनं वर पाहिलं. खाटेवर नुसती घडी केलेली वाकळ.

अंगठ्याखाली थोडी पानं उरली होती. तिनं ती भराभर वाचून उलटली. मार्तंडराव भिंती चाचपतच होते. अंगठ्याखाली पानं तेवढीच होती.

कोठीत ओल्या वाळ्याचा वास सुटला, असं पुढं छापलं होतं.

“देवके, झालं का वं? बैल जुपले!”

तिनं ओठ आवळले. अध्यायात दुसरं बोलायचं नव्हतं.

“डोळा लागला वाटते. बैलाइले पानी दाखवून येतो.”

घुंगरं लांब गेली. पुस्तकातही मार्तंडरावांना कुणी हाक मारून निघून गेलं. त्यांना ओ देता आली नाही.

ती वाचत राहिली. निरांजन विझलं. “मार्तंडरावांनी दार...” इथं घसा बसला. नुसती हवा बाहेर आली.

खाट करकरली.

चौरंगावरचं पुस्तक अलगद उचललं गेलं. पान उलटलं. देवकी उठली नाही. ऐकणाऱ्यानंही मधात उठायचं नसतं.

कुणीतरी हळूच खाकरलं आणि कबूल केल्याप्रमाणे पुढचं वाचायला घेतलं.

“हूं,” देवकी मिटल्या ओठांनी म्हणाली.