दारापर्यंत सोबत

आमच्या घरात सुट्टीची जागा ठरवायचं काम माझ्याकडे आणि त्या जागेला नावं ठेवायचं काम बायकोकडे, अशी वाटणी लग्नापासून आहे. त्या वर्षी बर्फाच्या डोंगरात भटकायला जायचं ठरलं. एका गावात मुक्काम टाकायचा आणि रोज तिथून एक नवी वाट धरायची, असा बेत होता. दोन गावं मनात होती, एक पायथ्याचं आणि एक वरचं. दोन्ही बघून यायला मी एकटाच पुढे गेलो. निघताना बायकोनं बजावलं, "देखावा नंतर बघा. माझा गुडघा आणि आपली पोर, दोन्ही धड परत येतील असं गाव बघा."

पायथ्याचं गाव मला काही आवडलं नाही. बस, दुकानं, नुसता गलका. वरचं गाव मात्र बघताक्षणी मनात भरलं. उतारावर मोजकी घरं, समोर शिखरं, आणि पाहुण्यांना उतरायला एकच जागा. ती चालवणाऱ्या बाई एकट्याच राहायच्या. खांद्यावर करडी लोकरीची शाल, बोलणं असं की मी दुसऱ्याच वाक्याला त्यांना मावशी म्हणू लागलो.

"आधी जेवा. खोल्या काही पळून जात नाहीत," त्या म्हणाल्या.

जिन्याखाली बूट वाळवायची खोली होती. मधे शेगडी, भिंतीला फळ्या. फळ्या सगळ्या रिकाम्या होत्या, एक जोडी सोडून. एका बुटाला काळी नाडी होती, दुसऱ्याला लाल.

"माझ्या मुलाचे," मावशी म्हणाल्या. "वाटाड्या आहे तो."

जेवण झाल्यावर त्यांनीच मला तळं बघून यायला सुचवलं. खिडकीतून आकाशाकडे बघून म्हणाल्या, "आज धुकं नाही यायचं. येताना फाट्यावर गोंधळलात तर पाटी आहे, ती दाखवेल तिकडे वळा."

मी तळ्याकाठी असतानाच धुकं आलं. आधी पलीकडचा काठ गेला, मग अलीकडचा, मग माझे स्वतःचे पाय. चाचपडत फाटा गाठला, पाटीला नाक लावून गावाचा बाण वाचला आणि वळलो. वाट अरुंद होत गेली. ओल्या दगडांचा वास येत होता आणि माझ्या श्वासाखेरीज कसलाही आवाज नव्हता. मग पायाखालचा एक दगड सुटून खाली गेला. तो पडल्याचा आवाज ऐकायला मी थांबून राहिलो. आवाज आलाच नाही.

पुढे टाकायचा पाय कुठे टाकावा ते कळेना, मागचा उचलायचं धाडस होईना.

तेवढ्यात जवळच कोणीतरी खोकलं.

"तिकडे नाही..." आवाज तरुण होता. "माझ्या मागून या. डाव्या हाताला दरी आहे."

पुढे एक वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. भिजलेल्या लोकरीचा वास येत होता. मी म्हटलं, "तुम्ही मावशींचे चिरंजीव ना? देवासारखे भेटलात!" तो पुढे चालत राहिला. खडीवर माझे बूट करकरत होते. त्याचे वाजत नव्हते.

दार दिसताच तो बाजूला झाला आणि मी पुढे झालो. मावशी दारात कंदील धरून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागे बघत त्या अगदी हळू म्हणाल्या, "आलास, बाळा...? ये, आत ये..."

मी वळून पाहिलं. मागे धुकं होतं, दुसरं कोणी नव्हतं. त्या मात्र बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी बूट काढायला जिन्याखाली गेलो, तर फळीवरच्या त्या जोडीतून पाणी ठिबकत होतं.

शेगडीपाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. "माझ्याकडे उतरलेला एकजण धुक्यात हरवला. त्याला शोधायला हा गेला. तो माणूस परत आला. माझ्या पोराचे बूट तेवढे सापडले. तेव्हापासून कोणी चुकलं की आणून सोडतो. दारापर्यंतच. मी दर वेळी हाक मारते. पण आईचं कधी ऐकलंय त्यानं, की आता ऐकेल?" त्या हसल्या आणि शालीनं डोळे पुसले. "हल्ली सगळे खालीच उतरतात. इथे कोणी चुकायलाच आलं नाही, तर तो तरी कशाला येईल?"

त्या क्षणी मनातल्या मनात मी त्याच गावाला होकार देऊन टाकला होता.

सकाळी लख्ख ऊन पडलं. निघण्याआधी मी सहज फाट्यापर्यंत गेलो. पाटीचा बाण आता गावाकडे होता. आदल्या दिवशी त्यानं मला जिकडे पाठवलं होतं, ती वाट वळणापलीकडे सरळ कड्यावर संपत होती. पाटीच्या खिळ्याला करड्या लोकरीचा धागा अडकला होता.

"पाटी तुम्ही फिरवली?" परत येऊन मी विचारलं.

मावशी ताटल्या पुसत होत्या. त्यांनी नाकारलं नाही. "आजवर एकालाही खरचटलेलं नाही. तो होऊच देत नाही." मग अगदी मायेनं म्हणाल्या, "काल म्हणालात ती तुमची मुलगी केवढी आहे हो?"

मी बॅग उचलली. राग यायला हवा होता, तो आला नाही. भीती मात्र वाटली, आणि तिच्यापेक्षा जास्त त्या बाईंची दया आली. पण पोर माझी होती. मी पायथ्याचं गाव ठरवलं. बायकोला एवढंच सांगितलं, की वर चढ फार आहे.

सुट्टी छान चालली होती. एका दुपारी त्या दोघी नदीकाठच्या कुरणात गेल्या. माझ्या टाचेला फोड आला होता म्हणून मी मागे राहिलो. आणि धुकं उतरलं. मी दारात उभा राहिलो, आत गेलो, पुन्हा दारात आलो. शेवटी अंधारून येताना दोघी हसत हसत आल्या, तेव्हा मी पोरीला असं घट्ट धरलं की ती ओरडलीच.

"तोंड काय उतरलंय एवढं?" बायको म्हणाली. "एकच तर वाट, चुकायचं काय त्यात? शिवाय तो मुलगा होता सोबत."

"कोण मुलगा...?"

"वरच्या गावचा. म्हणाला, हल्ली वर कोणी येत नाही, म्हणून खाली येतो. दारापर्यंत आला बिचारा. चिंब भिजला होता."

पोरगी बुटाची नाडी सोडत होती. "मग मी म्हटलं, दादा, आत ये ना. आला की लगेच! बाबा, तुमच्या शेजारूनच तर गेला."

दाराजवळच्या फळीवर तिनं आपले बूट ठेवले. शेजारी आणखी एक जोडी होती. ठिबकत होती. एका बुटाला काळी नाडी, दुसऱ्याला लाल.

दार अजून उघडंच होतं. धुकं विरत होतं, आणि वर, डोंगराच्या अंगावर, एका दारात कंदील धरलेला दिसत होता. मावशी, तो आलाय, आत आलाय... हे एवढ्या लांब कसं सांगायचं? मी कडीला हात लावला.

माझ्या मागे जिन्यावर कोणीतरी हलकेच खोकलं. आणि वरचा कंदील हलला, क्षणभर थांबला, मग सावकाश उतार उतरू लागला.